अंदाज चुकवणारे मुहम्मद अली

हेवीवेट बॉक्सिंगची एखादी मोठी लढत जवळ आली की आमच्या वर्गाच्या मागच्या बाकांवर कुजबुज सुरू होते. कोण जिंकणार, कितव्या फेरीत जिंकणार, नॉकआउट होणार की गुणांवर निकाल लागणार? दोघांची उंची, वजन, हातांची लांबी, आजवरचे विजय, सगळं पोरांना तोंडपाठ असतं. हीच पोरं इतिहासाच्या पेपरात सनावळ्या विसरतात, ते जाऊ द्या. मागच्या खेपेला त्यांनी आम्हालाच विचारलं की सर, तुमचा अंदाज काय? आणि त्याच दिवशी कानावर आलं की त्यांच्यातल्या एकाने मोठ्या भावाच्या मोबाइलवरून आपल्या अंदाजावर पैसेही लावलेत.

आम्ही त्यांना अंदाज सांगितला नाही. रागावलोही नाही, कारण रागावून पोरं ऐकत नाहीत. पुस्तक मिटलं आणि मुहम्मद अली यांची गोष्ट सांगितली. नाव सगळ्यांनी ऐकलेलं होतं, माहिती मात्र फार थोड्यांना होती. साहजिकच आहे. अली यांचा इंतकाल २०१६ सालचा, तेव्हा ही पोरं जेमतेम चालायला-बोलायला शिकली होती. आणि त्यांची शेवटची लढत १९८१ ची, म्हणजे आमच्याही समजण्याच्या आधीची. आमच्या अब्बांच्या पिढीने मात्र त्यांना मनात जपून ठेवलं होतं. मोहल्ल्यातल्या हज्जामाच्या दुकानात आरशाच्या वर त्यांचा फोटो आम्ही लहानपणी पाहिलेला आहे. ती गोष्ट आज इथे थोडी सविस्तर सांगतो. कारण एखाद्या माणसाबद्दल जगाने बांधलेले अंदाज किती वेळा आणि का चुकतात, हे अली यांच्या आयुष्याइतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसतं.

सायकल चोरीला गेली आणि

१७ जानेवारी १९४२ रोजी अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात त्यांचा जन्म झाला. नाव ठेवलं कॅशियस मार्सेलस क्ले. वडील दुकानांच्या पाट्या आणि जाहिरातींचे फलक रंगवायचे. आई ओडेसा दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक आणि साफसफाई करायची. त्या काळी तिथे काळ्या लोकांसाठी शाळा वेगळ्या, हॉटेलं वेगळी, बागासुद्धा वेगळ्या होत्या. पैसे खिशात असले तरी गोऱ्यांच्या हॉटेलात बसून खाता येत नव्हतं.

१९५४ साली, बारा वर्षांचा असताना, कॅशियसची नवी कोरी सायकल चोरीला गेली. पोरगा रडत-चिडत तक्रार करायला गेला, तेव्हा समोर भेटले जो मार्टिन नावाचे पोलीस. ते फावल्या वेळात तळघरात मुलांना बॉक्सिंग शिकवायचे. चोराला बदडून काढीन, असं पोरगा म्हणत होता. मार्टिन यांनी त्याला समजावलं की मारामारी करायची तर आधी शिकून घे. साधारण चाळीस किलो वजनाचं ते पोर दुसऱ्या दिवसापासून तळघरात जाऊ लागलं. सायकल काही मिळाली नाही. पण आदळआपट न करता रोज पहाटे उठून पळणं, ठोसा कसा चुकवायचा ते शिकणं, हे त्या चोरीतूनच सुरू झालं.

शाळेत मात्र त्याची गाडी कायम रुतलेली. वाचन अवघड जायचं, अक्षरं डोळ्यांसमोर जुळत नसत. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी ३९१ मुलांत त्याचा क्रमांक ३७६ वा होता. या मुलाला उत्तीर्णाचं प्रमाणपत्र द्यायचं की नाही, यावर शाळेत शिक्षकांची बैठक झाली. काहींचं म्हणणं होतं की देऊ नये. प्राचार्य ॲटवुड विल्सन यांनी त्याची बाजू घेतली. या शाळेला पुढे कोणी ओळखलं तर या मुलामुळे ओळखेल, अशी त्यांची खात्री होती. प्रमाणपत्र मिळालं. शिक्षक म्हणून सांगतो, या साऱ्या कहाणीत आम्हाला सर्वांत जास्त टोचणारी जागा हीच आहे. तिच्याकडे शेवटी परत येऊ.

त्याच वर्षी, १९६० साली, रोमच्या ऑलिंपिकमध्ये अठरा वर्षांच्या कॅशियसने लाइट हेवीवेट गटात सुवर्णपदक जिंकलं. पदक गळ्यात घालून तो घरी परतला. पण गावातले नियम तेच होते. पदक बघायला गोरे लोक गर्दी करत, शेजारी बसून जेवायला मात्र तयार नव्हते.

स्वतःच भाकीत करणारा खेळाडू

ऑलिंपिकनंतर तो व्यावसायिक बॉक्सर झाला आणि मायामीला अँजेलो डंडी या प्रशिक्षकाकडे तयारी करू लागला. १९६१ मध्ये लास वेगासला त्याची गाठ गॉर्जस जॉर्ज नावाच्या कुस्तीगीराशी पडली. हा पैलवान मोठमोठ्या बढाया मारायचा, आणि त्याला हरताना बघायला लोक तिकिटं काढून यायचे. कॅशियसने हे बरोबर हेरलं. तिथून पुढे प्रत्येक लढतीआधी यमक जुळवून, मुशायऱ्यात शेर फेकावा तसं, तो जाहीर करू लागला की अमक्याला मी अमक्या फेरीत पाडणार.

आणि गंमत म्हणजे ते खरंही ठरू लागलं. नोव्हेंबर १९६२ मध्ये आर्ची मूर यांच्याविरुद्ध चौथी फेरी सांगितली, चौथ्यात लढत संपली. जानेवारी १९६३ मध्ये चार्ली पॉवेल, सांगितली तिसरी, संपली तिसऱ्यात. लोकांना वाटू लागलं, याला काही तरी दिसतंय.

पण मार्च १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये डग जोन्स समोर आला. आधी सहावी फेरी सांगितली, मग फुशारकीत चौथी केली. चौथी गेली, सहावी गेली, लढत दहाच्या दहा फेऱ्या चालली. गुणांवर जेमतेम विजय मिळाला आणि प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. त्यानंतर जूनमध्ये लंडनला हेन्री कूपर यांच्याविरुद्ध पाचवी फेरी सांगितली होती. चौथ्या फेरीच्या शेवटी कूपर यांच्या डाव्या हाताचा ठोसा असा बसला की कॅशियस आडवा झाला. घंटा वाजली म्हणून वाचला. पाचव्या फेरीत कूपर यांच्या डोळ्यावरची जखम उघडली आणि लढत थांबवावी लागली. म्हणजे भाकीत कागदावर खरं ठरलं, पण किती थोडक्यात!

पोरांना आम्ही इथेच थांबवलं. त्यांना विचारलं, कूपरवाला अंदाज बरोबर होता की नशीब जोरावर होतं? वर्ग गप्प झाला. बरोबर आलेल्या उत्तरामागची रीतही बरोबर असेलच असं नाही, हे गणितात आम्ही रोज सांगतो. सट्टा खेळणाऱ्याला तेवढंच कळत नाही. एक अंदाज लागला की त्याला वाटतं आपल्याला विद्या आली.

४६ पैकी ४३

आता येते ती लढत, जिच्याबद्दल आजही बोललं जातं. २५ फेब्रुवारी १९६४, मायामी बीच. समोर विश्वविजेता सनी लिस्टन. त्याने आधीचा विश्वविजेता फ्लॉइड पॅटरसन याला दोनदा पहिल्याच फेरीत झोपवलं होतं. तुरुंगात राहून आलेला, नजरेनेच समोरच्याला गार करणारा माणूस. कॅशियस बावीस वर्षांचा. सट्टेबाजांकडे भाव एकास सात होता. म्हणजे क्लेवर एक डॉलर लावला आणि तो जिंकला, तर सात मिळणार. क्रीडापत्रकारांपैकी ४६ जणांनी अंदाज दिला होता, त्यातल्या ४३ जणांचं मत लिस्टनच्या बाजूने. काहींना तर पोरगा जिवंत राहील की नाही याची काळजी होती.

सकाळी वजन करताना कॅशियसने इतका आरडाओरडा केला की डॉक्टरांनी नाडी मोजली तेव्हा ठोके मिनिटाला १२० भरले. एरवी ते ५४ च्या आसपास असत. हा घाबरून गेलाय, असा निष्कर्ष निघाला. थोड्या वेळाने पुन्हा नाडी तपासली, तर ती नेहमीसारखी. तो सारा तमाशा होता. लिस्टनला वाटावं की समोरचा वेडा आहे, आणि वेडा काय करेल याचा नेम नाही.

तज्ज्ञ कुठे चुकले? त्यांनी लिस्टनच्या ठोशाची ताकद मोजली, ती खरीच होती. त्याच्या आधीच्या लढती मोजल्या, त्याही खऱ्या. पण ठोसा लागण्यासाठी समोरचा जागेवर असावा लागतो, याचा हिशेब कोणी केला नाही. कॅशियसच्या पायांचा वेग त्या वजनाच्या माणसात आधी कोणी पाहिला नव्हता. हात खाली ठेवून, मान मागे घेऊन ठोसा चुकवायची त्याची पद्धत तर पुस्तकी नियमाने चूकच होती. म्हणून त्याला कच्चा ठरवलं गेलं. शिवाय लिस्टनने लांबच्या लढतीची तयारीच केली नव्हती. त्यालाही आपल्याबद्दलचा अंदाज खरा वाटत होता!

चौथ्या फेरीनंतर कॅशियसच्या डोळ्यांत काही तरी गेलं आणि भयंकर आग होऊ लागली. दिसेनासं झालं. हातमोजे काढा, असं तो म्हणू लागला. डंडी यांनी डोळे धुतले आणि त्याला ढकलूनच रिंगमध्ये पाठवलं. पाचवी फेरी त्याने जवळजवळ आंधळ्यासारखी पळत काढली. सहाव्या फेरीत डोळे निवळले. सातव्या फेरीची घंटा झाली तेव्हा लिस्टन स्टुलावरून उठलाच नाही. खांदा दुखावल्याचं कारण सांगण्यात आलं. ४३ जणांचा अंदाज पालथा पडला. आणि हेही लक्षात ठेवा, कॅशियसने स्वतः आठवी फेरी सांगितली होती. म्हणजे त्याचाही अंदाज नेमका नव्हता.

नावाची किंमत

त्या रात्री प्रेक्षकांत माल्कम एक्स होते. दुसऱ्या दिवशी या तरुणाने आपण इस्लाम स्वीकारल्याचं जाहीर केलं. ६ मार्च १९६४ रोजी नेशन ऑफ इस्लामचे प्रमुख एलिजा मुहम्मद यांनी त्यांना मुहम्मद अली हे नाव दिलं. इथे एक गोष्ट साफ सांगायला हवी. नेशन ऑफ इस्लामच्या अनेक समजुती आपल्या अकीद्याशी जुळणाऱ्या नव्हत्या. अली हळूहळू पुढे आले. १९७२ मध्ये त्यांनी हज केला. १९७५ मध्ये एलिजा मुहम्मद वारल्यावर त्यांचे पुत्र वारिसुद्दीन यांनी अनुयायांना सुन्नी इस्लामच्या मुख्य प्रवाहाकडे आणलं, तेव्हा अली त्यांच्याबरोबर होते.

अनेक वर्तमानपत्रं वर्षानुवर्षं त्यांना क्लेच म्हणत राहिली. नाव बदललं, आता याचं करिअर संपलं, असा नवा अंदाज निघाला. १९६७ मध्ये तो जवळजवळ खराही ठरला. त्याआधी १९६४ च्या लष्करी चाचणीत अली नापास झाले होते, लेखी परीक्षेत गुण कमी पडले म्हणून. व्हिएतनाम युद्धासाठी माणसं कमी पडू लागली तशी पात्रतेची अट खाली आणली गेली आणि ते एकदम पात्र ठरले. २८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टनमध्ये भरतीच्या वेळी त्यांचं नाव पुकारलं गेलं. ते पुढे आले नाहीत. आपला दीन या युद्धाला परवानगी देत नाही, अशी त्यांची भूमिका होती. विजेतेपद काढून घेतलं, बॉक्सिंगचा परवाना गेला. जूनमध्ये न्यायालयाने पाच वर्षं कैद आणि दहा हजार डॉलर दंड सुनावला. अपील चालू असल्याने तुरुंगात जावं लागलं नाही, पण पंचवीस ते अठ्ठावीस ही खेळाडूची ऐन उमेदीची वर्षं रिंगबाहेर गेली. कॉलेजांत भाषणं देऊन घर चालवलं. लष्कराने त्यांना प्रदर्शनी सामन्यांपुरतं वापरलं असतं, बंदूक हातात द्यावी लागलीच नसती, असं अनेकांचं मत होतं. एक सही केली असती तर सारं टिकलं असतं. त्यांनी ती केली नाही. २८ जून १९७१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी त्यांची शिक्षा रद्द केली.

त्यांच्या चुकाही झाकायला नकोत. माल्कम एक्स हजहून बदलून आले, नेशनपासून वेगळे झाले. मे १९६४ मध्ये घानात ते समोर आले तेव्हा अली यांनी जुन्या दोस्ताकडे पाठ फिरवली. फेब्रुवारी १९६५ मध्ये माल्कम यांची हत्या झाली. माफी मागायची वेळ निघून गेली आणि ती खंत अली यांना आयुष्यभर राहिली. जो फ्रेझियर यांनी तर बंदीच्या काळात अली यांना मदत केली होती. त्यांनाच अली यांनी तिकीटविक्रीच्या नादात माकडाची उपमा देऊन जगासमोर हिणवलं. पुढे त्याबद्दल माफी मागितली, पण फ्रेझियर यांच्या घरातल्या मुलांनी जे शाळेत ऐकलं, ते काही पुसलं गेलं नाही. जिभेची जखम ठोशापेक्षा उशिरा भरते.

किन्शासाची पहाट

८ मार्च १९७१ रोजी फ्रेझियर यांनी अली यांना पंधराव्या फेरीत खाली पाडलं आणि गुणांवर हरवलं. व्यावसायिक रिंगमधला तो त्यांचा पहिला पराभव. १९७३ मध्ये केन नॉर्टन यांनी जबडा तोडला. आता हे संपले, असं म्हणणाऱ्यांकडे या वेळी पुरावा होता.

आणि समोर उभा होता जॉर्ज फोरमन. वय पंचवीस, ४० लढती, ४० विजय, त्यातले ३७ नॉकआउट. ज्या फ्रेझियर यांनी अली यांना हरवलं, त्यांना फोरमनने दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं होतं. ज्या नॉर्टन यांनी जबडा तोडला, त्यांनाही दोनच फेऱ्या पुरल्या. पोरांच्या गणिताने पाहिलं तर उत्तर उघड आहे. अ ने ब ला हरवलं, ब ने क ला हरवलं, म्हणून अ क ला हरवणार. माणसांच्या बाबतीत मात्र हे गणित चालत नाही. ब विरुद्ध चाललेली युक्ती क विरुद्ध चालेलच असं नसतं.

लढत ठरली आफ्रिकेत, तेव्हाच्या झाईर देशाची राजधानी किन्शासा इथे. हुकूमशहा मोबुटूने दोघांना प्रत्येकी पन्नास लाख डॉलर देऊ केले. म्हणजे गरीब देशाच्या तिजोरीतून हा खेळ रंगला, हेही नोंदवायला हवं. सरावात फोरमनच्या डोळ्यापाशी जखम झाली म्हणून तारीख पाच आठवडे पुढे गेली. ३० ऑक्टोबर १९७४ च्या पहाटे, अमेरिकेतल्या टीव्हीच्या वेळेसाठी, लढत सुरू झाली. अली बत्तीस वर्षांचे होते. पत्रकारांना सोडा, त्यांच्या स्वतःच्या गोटातली माणसंही धास्तावलेली होती.

सगळ्यांचा कयास होता की अली पळत राहतील, थकले की संपतील. दुसऱ्या फेरीपासून त्यांनी उलटच केलं. पाठ दोरांना टेकवली, हातांनी चेहरा झाकला आणि फोरमनला मारू दिलं. डंडी ओरडत होते की दोरांपासून दूर हो. अली ऐकत नव्हते. दमट हवेत फोरमनचे ठोसे दंडांवर, बरगड्यांवर पडत राहिले आणि प्रत्येक ठोशाबरोबर फोरमनचीच ताकद कमी होत गेली. मधेच अली झटपट दोन-तीन ठोसे लगावायचे, काहीबाही बोलून डिवचायचे. आठव्या फेरीच्या शेवटी दमलेल्या फोरमनवर ठोशांची सर पडली आणि तो कोसळला. लोकांनी त्यांच्या पायांवर अंदाज बांधला होता आणि ती लढत त्यांनी सोसण्याच्या ताकदीवर जिंकली. सब्र म्हणजे नुसतं गप्प बसणं नव्हे, हे आम्ही पोरांना सांगतो तेव्हा हीच आठ फेऱ्यांची गोष्ट सांगतो.

जो अंदाज कोणीच ऐकला नाही

इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पोरांनाही इथेच टाळ्या वाजवायच्या होत्या. पण खरी शिकवण पुढे आहे.

त्या सोसण्याचीही किंमत होती. १ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिलात फ्रेझियर यांच्याविरुद्ध चौदा फेऱ्या चालल्या. जिंकले अली, पण दोघंही पूर्वीसारखे उरले नाहीत. १९७७ च्या सप्टेंबरमध्ये अर्नी शेव्हर्स यांच्याशी पंधरा फेऱ्या झाल्या. त्यानंतर त्यांचे डॉक्टर फर्डी पचेको यांच्या हाती तपासणीचा अहवाल आला, मूत्रपिंडांवर परिणाम दिसत होता. पचेको यांनी तो अली यांना, त्यांच्या पत्नीला, व्यवस्थापकाला, प्रशिक्षकाला पाठवला. कोणाचंही उत्तर आलं नाही. डॉक्टरांनी अली यांची साथ सोडली.

फेब्रुवारी १९७८ मध्ये अली नवख्या लिऑन स्पिंक्सकडून हरले आणि सप्टेंबरमध्ये त्याला हरवून तिसऱ्यांदा विश्वविजेते झाले. मग निवृत्तीही जाहीर केली. जानेवारी १९८० मध्ये ते आपल्या देशात आले, दिल्लीत कौर सिंग यांच्याबरोबर प्रदर्शनी लढत खेळले. लोकांनी डोक्यावर घेतलं. त्याच वर्षी पैसा आणि टाळ्या यांच्या ओढीने ते पुन्हा रिंगमध्ये उतरले. २ ऑक्टोबर १९८०, लास वेगास. समोर लॅरी होम्स, जो कधी काळी त्यांच्याच सरावाचा जोडीदार होता.

अली अडतीस वर्षांचे होते. औषधं घेऊन वजन उतरवलं होतं, अंग सडपातळ दिसत होतं, केस काळे केले होते. लोक म्हणाले, पाहा, पुन्हा तरुण झाले. लिस्टनच्या वेळी जग चुकलं, फोरमनच्या वेळी चुकलं, मग आताही चुकेल, असं चाहत्यांनी मनाशी ठरवून टाकलं. कदाचित अली यांनीही. त्या रात्री ते जवळजवळ एकही धड ठोसा मारू शकले नाहीत. होम्स मारत होता आणि पंचांकडे बघत होता की आता तरी थांबवा. दहाव्या फेरीनंतर डंडी यांनी लढत थांबवली. जिंकलेला होम्स नंतर रडला. तरीही डिसेंबर १९८१ मध्ये अली आणखी एकदा उतरले, ट्रेव्हर बर्बिककडून हरले आणि मग थांबले. एकूण ६१ लढती, ५६ विजय, ५ पराभव. १९८४ मध्ये पार्किन्सनच्या आजाराचं निदान झालं.

लिस्टनच्या वेळी जग चुकलं कारण त्याने या पोराला कमी लेखलं. होम्सच्या वेळी जग चुकलं कारण त्याचं या माणसावर फार प्रेम होतं. तिरस्काराने डोळे मिटतात तसेच प्रेमानेही मिटतात. आधीचे अंदाज चुकले म्हणून पुढचा इशाराही चुकीचाच असणार, असं नसतं. डॉक्टरांचा तो कागद खरा होता. तो वाचायची कोणाची तयारी नव्हती, इतकंच.

थरथरता हात

आजाराने बोलणं मंद झालं, चेहरा स्थिर झाला, हात थरथरू लागले. जगाला हसवणारी जीभ जड झाली. आता हे घरात बसतील, असं वाटलं असेल कोणाला. १९९० मध्ये ते इराकला गेले आणि सद्दाम हुसेनच्या कैदेतल्या १५ अमेरिकी ओलिसांना सोडवून घरी आणलं. १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकची ज्योत थरथरत्या हाताने पेटवली. तो हात त्यांनी लपवला नाही. २००२ मध्ये हॉलिवूडच्या रस्त्यावर त्यांच्या नावाचा तारा बसवायचं ठरलं, तेव्हा आपल्या नावात रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांचं नाव आहे, ते लोकांच्या पायाखाली यायला नको, असा त्यांचा आग्रह होता. म्हणून तिथले बाकी तारे जमिनीवर आहेत, त्यांचा तेवढा भिंतीवर आहे.

३ जून २०१६ रोजी ॲरिझोनात त्यांचा इंतकाल झाला. ९ जूनला, रमजानच्या सुरुवातीच्या दिवसांत, लुईव्हिलमध्ये नमाज-ए-जनाजा झाली. ज्या शहरात त्यांना शेजारी बसून जेवू दिलं जात नव्हतं, त्याच शहरात दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हजारो माणसं उभी होती. काळी, गोरी, मुसलमान, ख्रिश्चन, सगळी.

आमचा एक अंदाज

आता शिक्षकांच्या त्या बैठकीकडे येऊ. दरवर्षी दहावीचे अर्ज भरताना आम्ही शिक्षकही अंदाज बांधतो. हा निघेल, हा नाही निघणार. काही वर्षांपूर्वी एका मुलाच्या अब्बांना आम्ही बोलावून सांगितलं होतं की याच्या डोक्यात अभ्यास शिरत नाही, फीचे पैसे वाया घालवू नका, कुठे तरी कामाला लावा. टेम्पो चालवणारा साधा माणूस. सरांचं ऐकायचं असतं, म्हणून त्याने ऐकलं. मुलगा गॅरेजमध्ये गेला. गॅरेजचं काम वाईट नाही, त्यात इज्जत आहे आणि बरकतही आहे. पण ती निवड त्या मुलाची नव्हती, आमची होती. त्याला दहावीला बसूच दिलं नाही, मग तो नापास झाला असता हे आम्हाला कळलं कसं? आमचा अंदाज खरा ठरला, की आम्हीच तो खरा करून टाकला? तिथे ॲटवुड विल्सन होते. इथे आम्ही होतो.

तो मुलगा आजही रस्त्यात भेटला की आधी सलाम करतो. आम्हाला त्याच्या डोळ्यांत बघवत नाही.

म्हणून पोरांना इतकंच सांगितलं. लढत जरूर बघा, पायांची हालचाल बघा, कोण कधी दमतो ते बघा, आपापसात अंदाजही बांधा, त्यात डोकं चालतं. पण त्यावर एक रुपयाही लावू नका. जुगार हराम आहेच, शिवाय ४६ पैकी ४३ जाणकार जिथे चुकले, तिथे तुमच्या भावाच्या मोबाइलला काय कळणार? गैबचं इल्म फक्त अल्लाहकडे आहे. आणि आई-वडिलांना, आमच्यासारख्या शिक्षकांना सांगायचं ते हे की मुलाला धोका दिसत असेल तर जरूर सांगा, डॉक्टरांनी सांगितला तसा. पण दहावीच्या आधीच त्याचा निकाल लावून मोकळं होऊ नका. पैसे लावणाऱ्या त्या पोराने नंतर येऊन सांगितलं की भावाच्या मोबाइलमधून ते ॲप काढून टाकलंय. खरं असेल, नसेलही. आम्ही या वेळी अंदाज बांधला नाही, विश्वास ठेवला.

अल्लाह मरहूम मुहम्मद अली यांची मगफिरत करो आणि आपल्या मुलांना कमी लेखण्यापासून आपल्याला वाचवो. आमीन.